श्रीसंत जनाबाई : कष्ट आणि विसावा

पंढरीस गेलेला वारकरी आषाढी पौर्णिमेला गोपाळपूरचा काला घेतल्यावाचून परत फिरत नाही. काला झाला, लाह्यांचा प्रसाद हाती पडला, की पुष्कळ मंडळी जनाबाईचे जाते पाहायला वळतात. आम्ही पोरवयापासून हे पाहत आलो आहोत. पुरुषमंडळी लांबून हात जोडतात आणि पुढे सरकतात. बायकांचे तसे नाही. त्या जात्यापाशी बसतात, खुंट्याला हात लावतात, तोच हात कपाळाला लावतात, आणि मागच्या रांगेने ओरडा केल्याशिवाय उठत नाहीत. असे का होते, याचा विचार आम्ही साठी उलटेपर्यंत केला नव्हता. हे आधी कबूल करून मगच या चरित्राला हात घालतो.

जनाबाईचा जन्म गोदातीरी गंगाखेडचा. हे गाव आज परभणी जिल्ह्यात आहे. वडिलांचे नाव दमा, आईचे करुंड. दोघेही विठ्ठलाचे भक्त, आणि घरी दारिद्र्य. लहानगी जनी पंढरपुरास आली ती दामाशेटी शिंप्यांच्या घरी राहिली, ती कायमचीच. परंपरा असे सांगते की, तेव्हा नामदेवराय जन्माला यायचे होते. शके ११९२, म्हणजे इसवी सन १२७० साली ते जन्मले आणि त्या बाळाला कडेवर वागवण्याचे काम जनीकडे आले. ज्याला अंगाखांद्यावर खेळवले, त्याचीच पुढे ती दासी म्हणवू लागली आणि आपल्या अभंगांना नामयाची जनी ही मुद्रा घालू लागली. पण ती काही नावापुरती दासी नव्हती बरे. आपण कीर्तनकार दासी हा शब्द फार गोड करून म्हणतो. त्या शब्दात झाडू, घागर आणि मुसळ आहे, हे विसरतो.

घर केवढे होते पाहा. दामाशेटी आणि गोणाई हे वडीलधारे. नामदेवराय आणि राजाई. त्यांचे चार पुत्र नारा, विठा, गोंदा, महादा. त्यांच्या चार बायका लाडाई, गोडाई, येसाई, साखराई. लेक लिंबाई, बहीण आऊबाई. ही झाली चौदा, आणि पंधरावी जनी. सारी एकाच वेळी पंक्तीला होती असे नव्हे; सुना पुढे आल्या, तोवर जनीची उमेद सरत आली असेल. पण हिशेब कळावा म्हणून सांगतो. पंधरा माणसांच्या दोन वेळच्या भाकरीला रोजची दीड पायली ज्वारी तरी लागते. त्यात आला-गेला वेगळा, आणि नामदेवरायांच्या दारी येणारे संतसज्जन वेगळे. ज्वारीचे पीठ दळून ठेवलेले चालत नाही. शिळ्या पिठाची भाकरी थापताना चिरते, काठाला फुटते, हे कोणतीही गृहिणी सांगेल. म्हणून दळण रोजचे, आणि तेही भल्या पहाटेचे. एकटीने एवढे दळायचे म्हणजे दोन-तीन तास सहज गेले. एक हात खुंट्यावर, दुसऱ्या हाताने जात्याच्या तोंडात वैरण घालायची, आणि कमरेपासून सारे अंग पुढेमागे. दळण झाले की साळी कांडायच्या, पाखडायच्या. मग चंद्रभागेच्या घागरी. शेण गोळा करून गोवऱ्या थापायच्या, वाळल्या की वेचून आणायच्या. अंगण झाडायचे, सडा घालायचा, धुणी धुवायची, खरकटी काढायची. चूल पेटते ती गोवरीवर, भाकरी होते ती दळणावर, आणि आमटीला पाणी येते ते डोईवरच्या घागरीतून. जेवणाऱ्याला फक्त ताट दिसते.

पाठशाळेत असताना गुरुजींनी आमच्याकडून श्रम् या धातूची रूपे घोकून घेतली होती. त्या एका धातूतून दोन शब्द निघतात, आश्रम आणि विश्राम. गृहस्थाश्रम म्हणताना त्यात श्रम आहेत, हे आपण ऐकतो. वि हा उपसर्ग लागला म्हणजे ते श्रम दूर झाले, उतरले, असा भाव येतो. विश्राम म्हणजे आळस नव्हे, श्रमाचेच ते दुसरे टोक आहे. ज्याने श्रम केले नाहीत त्याला विश्राम हा शब्द लावताच येत नाही, आणि ज्याने केले त्याला तो नाकारता येत नाही. हे व्याकरण आम्हांस तोंडपाठ होते. स्वतःच्या घरात त्याचा उपयोग मात्र कधी केला नाही.

नामदेवरायांच्या घरातल्या बायकांविषयी कीर्तनातून फार अन्यायाने बोलले जाते, असे आमचे मत झाले आहे. गोणाई रागावते, राजाई कुरकुरते, म्हणून श्रोते हसतात. अहो, त्यांच्या नावावरचे अभंग गाथेत आहेत ते एकदा शांतपणे वाचा. मुलगा शिवणकाम सोडून देवळात बसतो, ही गोणाईची तक्रार. घरात दाणा नाही आणि नवरा टाळ घेऊन नाचतो, हे राजाईचे गाऱ्हाणे, आणि ते ती खुद्द रुक्मिणीमातेपाशी सांगते. स्वयंपाकाला काय शिजवायचे, हा प्रश्न ज्याला पडत नाही त्यानेच तिला हसावे. पुढे नामदेवराय ज्ञानेश्वरमाउलींबरोबर तीर्थयात्रेस गेले. माउलींनी १२९६ साली आळंदीस समाधी घेतली. त्यानंतर नामदेवरायांनी भागवत धर्माची पताका पार पंजाबात नेली. तिथे गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी त्यांचे स्थान आहे आणि शिखांच्या ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. एवढे थोर कार्य झाले. त्या साऱ्या वर्षांत पंढरीतल्या घरची चूल रोज दोनदा पेटत होती, ती कुणी पेटवली, हे कीर्तनात सांगायचे राहून जाते. आमच्याही राहून गेले.

आता देव जात्यावर बसला, ती कथा. ही आख्यायिका महाराष्ट्रात कुणाला ठाऊक नाही? महिपतीबोवांनी शके १६८४ मध्ये पुऱ्या केलेल्या भक्तविजयात जनीच्या कथा विस्ताराने गायिल्या आहेत, पण त्यांचे मूळ जनीच्याच अभंगांत आहे. देव तिच्याबरोबर दळतो, कांडतो, पाणी वाहतो, झाडतो, गोवऱ्या वेचू लागतो. साडेतीनशेच्या आसपास अभंग तिच्या नावावर गाथेत छापलेले आहेत, त्यांत हा विषय पुन:पुन्हा येतो.

ज्याने जाते ओढलेले पाहिले आहे त्याला ठाऊक असते की, दळायला दोघी समोरासमोर बसतात. खुंटा एकच, त्यावर दोघींचे हात. एकीने आपल्याकडे ओढले की दुसरीने ढकलले. भार निम्मा होतो आणि ओवीला जोड मिळते. जावा-जावा बसतात, नणंद-भावजय बसतात, माहेरी आलेली लेक आईसमोर बसते. जनीला ना जाऊ, ना नणंद, ना आई. तिच्या जात्याची समोरची जागा रिकामी होती, आणि तिथे विठोबा येऊन बसला. तो सिंहासन मांडून बसला नाही, तिला जात्यावरून उठवून समाधी लावायलाही त्याने सांगितले नाही. खुंट्याला हात लावला, बस.

ही कथा आम्ही चाळीस वर्षे सांगितली. पण कशी सांगितली? मुखी नाम असले म्हणजे कष्टाचा शीण होत नाही, जनीला कधी शीण झाला नाही, म्हणून मायबहिणींनो, दळताकांडता नाम घ्या आणि कुरकुर करू नका, अशी. श्रोत्यांतले सासरे माना डोलवीत. आम्हांस बिदागी मिळे. कुणी हरकत घेतली नाही.

काही वर्षांपूर्वी एका गावी सप्ताहात काल्याचे कीर्तन आमच्याकडे होते. जनाबाईचेच आख्यान लावले होते. कीर्तन संपल्यावर पाया पडायला एक म्हातारी बाई आली. हाताला कोपरापर्यंत पीठ. महाप्रसादाच्या पोळ्या लाटून उठली होती, कीर्तन तिने भटारखान्यातूनच ऐकले होते. तिने साध्या आवाजात विचारले की, देव जनीकडे आला तो तिचे दळण निम्मे करायला आला, की तिला आणखी दळता यावे म्हणून आला? आम्ही काहीतरी वेदान्त सांगितला. तिने ऐकून घेतला, नमस्कार केला आणि परत पोळपाटाशी गेली. तिला अजून दोन टोपल्या लाटायच्या होत्या.

त्याच साली आमच्या घरी एक गोष्ट घडली. आमच्याकडे एकादशीचा जागर वाडवडिलांपासून चालत आलेला. एकादशीला स्वयंपाक नसतो, असे पुरुषांना वाटते. भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळी, साबुदाणा हे उपवासाचे रांधण नेहमीच्या स्वयंपाकापेक्षा काकणभर जास्तच असते. मग रात्रभर जागर, आणि द्वादशीचे पारणे लवकर सोडायचे म्हणून पहाटे दोनला उठून पुरणावरणाची तयारी. म्हणजे टाळकरी जागतात एक रात्र, आणि घरची बाई दोन दिवस. आमच्या मंडळीला पाठीच्या दुखण्याने धरले होते. डॉक्टरांनी तीन आठवडे ओट्यापुढे उभे राहू नका म्हणून बजावले होते. आम्ही तिला काय सांगितले असेल? जे श्रोत्यांना सांगत होतो तेच. नाम घे, दुखणे कळणार नाही. तिने ऐकले. द्वादशीच्या पहाटे आम्ही ओसरीवर भैरवी म्हणत असताना करपल्याचा वास आला. आत जाऊन पाहतो तो पोळी तव्यावर कोळसा झालेली आणि मंडळी भिंतीला टेकून खाली बसलेली. डोळे उघडे, पण उठता येत नव्हते. तोंडात नाम चालूच होते. ते आम्ही आमच्या कानांनी ऐकले, म्हणून त्यावर कुणी आमच्याशी वाद घालू नये.

ती सव्वा महिना अंथरुणावर होती. त्या दिवसांत आम्ही गाथा खाली घेतली आणि जनाबाईचे अभंग पहिल्यापासून वाचले. पाठ होते ते नुसते आठवले नाहीत, बोट ठेवून वाचले. वाचता वाचता साळी कांडण्याच्या अभंगापाशी थांबलो. तो आम्ही शेकडो वेळा गायिला आहे. प्रसंग असा आहे. जनीने सडायला साळी काढल्या, तोच देव पुढे झाला, त्याने उखळ झाडून घेतले आणि मुसळ हाती घेऊन कांडू लागला. कांडता कांडता पंढरीनाथाला शीण आला. अंगभर घाम सुटून पीतांबर भिजला. कोंडा पाखडून झाला, तोवर हाताला फोड आला होता. तो फोड जनीने पाहिला आणि देवाला मुसळ सोडायला सांगितले.

म्हणजे पाहा, ज्याचे नाम घ्यायचे तो स्वतः कांडायला बसला तर त्याला शीण आला, घाम आला, फोड आला. मग नाम घेणाऱ्या बाईला शीण येत नाही, हे आम्ही कोणत्या आधाराने सांगत होतो? जनीने तसे कुठेच म्हटलेले नाही. तिला शीण ठाऊक होता, म्हणून तर तिने देवाचा शीण ओळखला. आणि ओळखल्यावर तिने त्याला अभंग म्हणायला लावले नाही; काम थांबवायला लावले. चाळीस वर्षे आम्ही शेवटचे चरण तालात घेऊन पुढे जात होतो, तिथे थांबलो नव्हतो.

दुसरी एक गोष्ट अशीच सुटते. देव जनीचे केस विंचरतो, डोईतल्या उवा काढतो, असे तिच्या अभंगांत आहे. शहरच्या श्रोत्यांना हे ऐकून संकोच होतो, म्हणून पुष्कळ बुवा हा भाग गाळतात. खेड्यातल्या बायकांना विचारा. दुपारची भांडी झाली, माणसे रानात गेली, की दोघी-तिघी सावलीला बसतात आणि एक दुसरीचे डोके मांडीवर घेऊन विंचरते. दिवसातली तेवढीच एक घटका बाईच्या अंगाला आराम असतो, आणि तो दुसरीच्या हाताने मिळतो. माहेरी गेलेल्या लेकीला आई आधी तेल लावून न्हाऊ घालते, मग विचारपूस करते. जनीला हे करणारे कुणी उरले नव्हते. तेव्हा देवाने तिचे नुसते काम वाटून घेतले नाही, तिची दुपारही तिला दिली. आमच्या मते दळणकांडणाच्या कथेपेक्षा ही कथा मोठी आहे. काम वाटून घेणारा एखादा भेटतो. दुसऱ्याने स्वस्थ बसावे म्हणून खपणारा क्वचित.

आणि वाकळेची कथा तर सर्वश्रुत आहे. देव रात्री जनीच्या झोपडीत आला. पहाटे काकड्याची वेळ झाली, तेव्हा घाईघाईने उठून देवळात गेला. आपला शेला नि पदक तिथेच विसरला आणि अंगावर जनीची वाकळ घेऊन गेला. सकाळी पुजारी पाहतात तो देवाच्या अंगावर ठिगळांची वाकळ आणि गळ्यातले पदक नाहीसे. चोरीचा आळ जनीवर आला. चंद्रभागेच्या वाळवंटात तिला सुळावर देण्यासाठी सूळ रोवला, आणि त्या सुळाचे पाणी झाले. सुळाचे पाणी होते तिथे श्रोते टाळ्या वाजवतात, ते योग्यच आहे. आम्ही मात्र हल्ली वाकळेपाशी जास्त रेंगाळतो. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून शिवलेली ती वाकळ, दिवसभराच्या कष्टांनंतर जनीला पाठ टेकायला तेवढीच होती. त्रैलोक्याच्या धन्याला रत्नजडित पलंग असून त्या वाकळेची ऊब लागली.

देवाच्या पलंगाचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्या संप्रदायाने देवाच्या शिणाची केवढी काळजी घेतली आहे! आषाढी-कार्तिकीच्या यात्रेत देवाचा पलंग काढतात, शेजारती बंद होते, आणि देव अहोरात्र विटेवर दर्शन देत उभा राहतो. उभे राहून थकू नये म्हणून त्याच्या पाठीशी मऊ लोड देतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. ऊन पाण्याने स्नान घालतात, पायांना लिंबू-साखर चोळतात, रात्री औषधी काढा दाखवतात, आणि मग पलंग पुन्हा जागेवर येतो. याला शिणवटा काढणे म्हणतात. पंधरा-वीस दिवस उभ्या राहिलेल्या देवाचा शिणवटा आपण मानतो. सहा फेऱ्या पंक्ती वाढून ओट्यापुढे उभ्या राहिलेल्या बाईला प्रक्षाळ कोणत्या तिथीला असते, असे आम्ही एका कीर्तनात विचारले, तेव्हा बायकांच्या बाजूला हसू फुटले आणि पुरुषांच्या बाजूला शांतता झाली. आयोजकांनी पुढल्या वर्षी आम्हांस बोलावले नाही, ते असो.

जनाबाईच्या आख्यानपर रचनांकडे आपले लक्ष कमी जाते. कृष्णजन्म, बालक्रीडा, प्रल्हादचरित्र, हरिश्चंद्राख्यान या रचना तिच्या नावावर आहेत, आणि थाळीपाकही आहे. एकनाथमहाराजांचे नातू मुक्तेश्वर यांना तिच्या थाळीपाकावरून स्फूर्ती झाली, असे सांगतात. दिवसभर दुसऱ्यांची ताटे घासणाऱ्या दासीला द्रौपदीची थाळी गावीशी वाटली, यात नवल ते काय!

ही कथा महाभारताच्या वनपर्वात, प्रचलित पाठात आहे. वनात पांडवांबरोबर ब्राह्मणांचा मोठा समुदाय होता. त्यांना जेवू घालायचे कसे, म्हणून सूर्याने पात्र दिले. त्यातले अन्न सरत नसे, पण द्रौपदी जेवली की त्या दिवसापुरते सरे. त्यामुळे सगळ्यांचे झाल्यावर, अगदी शेवटी, ती जेवी. वर मिळाला तरी बाईचे जेवण शेवटीच! आता दुर्योधनाची दुष्टबुद्धी पाहा. दुर्वास ऋषी त्याच्यावर प्रसन्न झाले, तेव्हा त्याने राज्य मागितले नाही, शस्त्र मागितले नाही. द्रौपदी सर्वांना वाढून, स्वतः जेवून विश्रांती घेत असेल, नेमक्या त्या वेळी आपण शिष्यांसह पांडवांकडे अतिथी म्हणून जावे, एवढेच मागितले. पांडवांचा नाश कुठून करता येईल हे त्याला बरोबर समजले होते. भीमाच्या गदेला तो भ्यायला असेल, अर्जुनाच्या धनुष्याला भ्यायला असेल. पण दमून आडव्या झालेल्या बाईला पुन्हा चुलीपुढे उभे केले की हे घर मोडते, हे त्याने हेरले. आणि दुर्वास आले, दहा हजार शिष्य घेऊन.

द्रौपदीने श्रीकृष्णाचा धावा केला. कृष्ण आला तोच भूक लागली म्हणत आला. तिने थाळी रिकामी असल्याचे सांगितले. त्याने ती आणायला लावली, कडेला चिकटलेले भाजीचे पान खाल्ले, आणि नदीवर स्नान करणाऱ्या साऱ्या ऋषींना तृप्तीचे ढेकर आले. ते तिथूनच निघून गेले. कथेचा हा शेवट सांगताना आम्ही पूर्वी देवाचे सामर्थ्य वर्णन करीत असू. सामर्थ्य तर आहेच. पण देवाने काय केले नाही, तेही पाहावे. थाळी पुन्हा भरून देणे त्याला अशक्य होते काय? त्याने थाळी भरली असती तर दहा हजारांना वाढायला द्रौपदीलाच उठावे लागले असते. त्याने वाढणेच टाळले. हा अर्थ आमचा आहे, जनाबाईच्या पदरी बांधत नाही. पण तिने हे आख्यान गायला घेतले तेव्हा, जेवून नुकत्याच टेकलेल्या द्रौपदीला अवेळी आलेले पाहुणे पाहून काय वाटले असेल, ते तिला कुणी समजावून सांगावे लागले नसेल.

आख्यान सांगण्याची आमची रीत तेव्हापासून बदलली, हे नियमित ऐकणाऱ्यांनी ताडले असेलच. घरचीही बदलली. द्वादशीच्या पारण्याला आता पुरणपोळी नाही. वरण, भात, एक भाजी. भाजी टाळकरी रात्रीच चिरून ठेवतात, त्यांची बोटे टाळाला चालतात तशी विळीलाही चालतात. भाकरी आम्ही साठीनंतर थापायला शिकलो. आमची भाकरी गोल होत नाही, तिला कोकण किनाऱ्यासारखा आकार येतो, पण पचते. जागराच्या रात्री मंडळी दहा वाजता झोपायला जाते. पहिल्या वर्षी शेजारच्या एका गृहस्थांनी यावर नाक मुरडले की, बुवांच्या घरची बाईच जागराला नाही. त्यांना आम्ही प्रक्षाळपूजेची सगळी पद्धत सांगत बसलो, ते कंटाळून उठून गेले.

शके १२७२, आषाढ वद्य त्रयोदशी, म्हणजे १३५० साली नामदेवरायांनी पंढरीत समाधी घेतली. महाद्वारातली पायरी ती हीच. देवळात जाणाऱ्या प्रत्येक भाविकाच्या पायाची धूळ अंगावर यावी म्हणून त्यांनी ती जागा मागितली. घरची माणसेही त्यांच्याबरोबर गेली असे परंपरा सांगते, आणि जनाबाईचा समाधिदिनही तोच मानतात. जन्मभर सगळ्यांच्या आधी उठणारी ती बाई, त्या पायरीपाशी त्या घराबरोबर एकाच वेळी विसावली.

गेल्या आषाढीला आम्ही उभयता गोपाळपूरला गेलो होतो. मंडळी जात्यापाशी जाऊन बसली. खुंट्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. मागून रांग ओरडू लागली, एक स्वयंसेवक शिट्टी वाजवू लागला. पूर्वी अशा वेळी आम्हीच चला चला म्हणत असू. या खेपेस पिशव्या घेऊन बाजूला जाऊन बसलो आणि मागच्या बायकांना, हवे तर तिच्या शेजारी बसा, म्हणून सांगितले. तिघी बसल्या. बऱ्याच वेळाने मंडळी उठून आली, तोवर आमची एस.टी. चुकली होती. पुढची गाडी संध्याकाळी साडेपाचला होती. चिंचेखाली सतरंजी टाकली. ती झोपली, आणि आम्ही लाह्या खात बसलो.